कार्पेट-स्वच्छतेचे दर आणि सेवेचे स्तर कशाच्या आधारावर ठरवावेत?

प्रश्न
(विचारणारे : नवा व्यावसायिक)

नमस्कार. गेली तीन वर्षे मी घरांतील आणि लहान कार्यालयांतील कार्पेट स्वच्छ करून देण्याचा व्यवसाय करतो आहे. आम्ही दोघेच काम करतो. गरम पाणी फवारून ते लगेच शोषून घेणारे एक यंत्र, एक चांगला व्हॅक्यूम आणि हवा खेळती ठेवणारे दोन मोठे पंखे एवढी आमची साधनसामग्री आहे. सुरुवातीपासून मी खोलीमागे ठरावीक दर घेत आलो. बाजारात दरांची चढाओढ वाढली तेव्हा, साधारण वर्षभरापूर्वी, मी सेवेचे तीन स्तर केले.

'साध्या' सेवेत गरम पाण्याचा एक हात फिरवून देतो. 'विशेष' सेवेत त्याआधी व्हॅक्यूम करतो आणि मळ सैल करणाऱ्या द्रावणाची पूर्वफवारणी करतो. 'संपूर्ण' सेवेत डागांवर स्वतंत्र काम, स्वच्छ पाण्याने खंगाळणे, पंखे लावून वाळवणे आणि शेवटी संरक्षक लेप हे सगळे येते. ज्याला जेवढे परवडेल तेवढे त्याने घ्यावे, असा माझा विचार होता.

प्रत्यक्षात दहापैकी सात ग्राहक साधी सेवाच निवडतात, आणि तक्रारीही त्यांच्याच येतात. कोणी म्हणते की डाग चार दिवसांनी पुन्हा वर आला, कोणी म्हणते की कार्पेट दुसऱ्या दिवशीही ओले होते. मी नाव राखण्यासाठी पुन्हा जाऊन विनामोबदला काम करून देतो, त्यामुळे त्या कामात हाती काहीच राहत नाही. दर वाढवावा तर ग्राहक जाईल ही भीती आहे, आणि दर आहे तोच ठेवावा तर माणसाला वेळेवर पगार देणे अवघड होत चालले आहे.

दर खोलीवर लावावा की क्षेत्रफळावर, सर्वांत खालच्या स्तरात नेमके काय असावे, आणि डाग निघण्याची हमी द्यावी की नाही, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन केले तर मी खरोखर ऋणी राहीन.

प्रतिसाद
(जुना कारागीर)

आपला प्रश्न वाचून मला माझी सुरुवातीची वर्षे आठवली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझ्या मते आपली अडचण दराची नाही, तर स्तर ज्या तत्त्वावर पाडले आहेत त्याची आहे. आपण कामाच्या पायऱ्यांचेच तुकडे करून ते वेगवेगळ्या किमतीला विकत आहात. शिंप्याने स्वस्त सदऱ्याला शिलाईच कमी घालावी, तसे हे झाले आहे.

अमेरिकेत १९७२ साली स्थापन झालेली आयआयसीआरसी ही संस्था या क्षेत्रासाठी मानके तयार करते. तिच्या एस १०० या मानकात कार्पेट-स्वच्छतेची पाच मूलतत्त्वे येतात : कोरडा मळ काढणे, चिकटलेला मळ सैल करणे, सैल झालेला मळ शोषून बाहेर काढणे, लव (म्हणजे कार्पेटचे उभे तंतू) विंचरून एकसारखी करणे आणि वाळवणे. यातली एकही पायरी चैनीची नाही. आपल्या साध्या सेवेत पाचांपैकी फक्त तिसरी आहे, तीही अर्धवट, कारण जो मळ सैलच झालेला नाही तो शोषला जाणार कसा?

कार्पेटमधील मळाचा फार मोठा भाग कोरडी धूळ, वाळूचे कण आणि केस-तंतू यांचा असतो. तो कोरडा असताना व्हॅक्यूमने सहज निघतो. त्यावर आधीच पाणी पडले की त्याचा चिखल होतो, आणि तो चिखल लवेच्या बुंध्याशी जाऊन बसतो. म्हणून हळूहळू, उलटसुलट दिशांनी केलेला व्हॅक्यूम ही माझ्या दृष्टीने संपूर्ण कामातील सर्वांत मोलाची पायरी आहे, आणि नेमकी तीच ग्राहकाला 'हे तर आम्हीही करतो' अशी वाटत असल्याने दर कमी करताना पहिल्यांदा गळते. पूर्वफवारणीचेही तसेच. ती फवारून दहा-पंधरा मिनिटे मुरू द्यावी लागते, ब्रशने लवेत उतरवावी लागते. तो वेळ वाचवला की यंत्राला मळाशी झुंजावे लागते, मग माणूस त्याच जागेवर पुन्हा पुन्हा पाणी मारतो आणि कार्पेट गरजेपेक्षा जास्त भिजते.

डाग पुन्हा वर येण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. ओल अस्तरापर्यंत गेली की तिथे साठलेला मळ पाण्याबरोबर सैल होतो, आणि वाळताना ओलावा जसा तंतूंतून वर चढतो तसा तो मळही टोकापर्यंत येऊन थांबतो. वातीतून तेल चढावे तसा हा प्रकार आहे. वाळायला जितका उशीर, तितका हा धोका जास्त. मी सहा ते आठ तासांत कार्पेट वाळावे असे धरून पंखे लावतो. चोवीस तासांच्या पुढे ओल राहिली तर कुबट वास आणि बुरशी यांची धास्ती घ्यावीच लागते. पंखे आपण सर्वांत महागड्या स्तरात ठेवले आहेत, ते माझ्या मते ताबडतोब प्रत्येक कामात यायला हवेत.

खंगाळण्याविषयी माझी स्वतःची चूक सांगतो. एका मोठ्या कार्यालयाचे काम मी घासाघिशीत कमी दराने घेतले होते आणि वेळ वाचावा म्हणून अल्कधर्मी द्रावण नीट खंगाळले नाही. सुकल्यावर कार्पेट लखलखीत दिसत होते. तीन आठवड्यांत येण्याजाण्याची पट्टी आधीपेक्षा काळी पडली, कारण तंतूंवर राहिलेला चिकट अंश प्रत्येक पावलाची धूळ धरून ठेवत होता. ते संपूर्ण काम मी माझ्या खर्चाने पुन्हा केले, आणि तरीही तो ग्राहक परत आला नाही. त्या दिवसापासून सौम्य आम्लधर्मी द्रावणाने खंगाळल्याशिवाय मी कोणतेही काम संपवलेले नाही.

सेवेचे स्तर जरूर असावेत. पण ते या पाच पायऱ्यांच्या वर रचावेत. खालच्या स्तरात पाचही पायऱ्या, मधल्या स्तरात त्याच्या जोडीला सामान हलवणे, कडा आणि कोपरे हाताने करणे, नेहमीचे डाग स्वतंत्रपणे हाताळणे, आणि वरच्या स्तरात संरक्षक लेप, वास घालवण्याचे उपचार, ठरावीक मुदतीत पुन्हा येऊन पाहणी करणे. ज्या कामावर आपल्याला आपले नाव लिहायला संकोच वाटेल, असे काम दरपत्रकावर असूच नये.

प्रतिसाद
(हिशेबनीस)

वरच्या प्रतिसादातील तांत्रिक भागाशी मी सहमत आहे. मी दोन-तीन सेवा-व्यवसायांचे हिशेब पाहतो, त्यामुळे दराच्या बाजूने लिहितो.

खोलीमागे दर लावण्यात पहिली अडचण अशी की 'खोली' हे मापच नाही. एकाची खोली शंभर चौरस फुटांची असते, दुसऱ्याची तीनशेची, आणि मोठ्या खोलीचा मालक आपल्याला नेहमी स्वस्तात मिळवतो. मात्र केवळ चौरस फुटावर दर लावणेही अपुरे आहे, आणि हा मुद्दा नवे व्यावसायिक हमखास विसरतात. समजा, प्रवास, पाहणी, नळ्या पसरणे, यंत्र गरम करणे आणि शेवटी आवरणे यांत मिळून प्रत्येक कामाला ७५ मिनिटे जातात, आणि प्रत्यक्ष स्वच्छता तासाला २०० चौरस फूट या गतीने होते. शंभर चौरस फुटांच्या कामाला १०५ मिनिटे लागतील आणि सहाशे चौरस फुटांच्या कामाला २५५ मिनिटे. क्षेत्रफळ सहापट झाले, पण वेळ अडीचपटही झाला नाही. सरसकट चौरस फुटाचा दर लावला तर लहान कामात आपण बुडतो आणि मोठ्या कामात इतके महाग ठरतो की ते काम दुसऱ्याकडे जाते.

यावर उपाय म्हणजे दराचे दोन भाग करणे : दारापर्यंत येण्याचा आणि मांडामांडीचा एक स्थिर भाग, आणि त्यावर क्षेत्रफळानुसार भाग. ग्राहकाला हे दोन आकडे वेगळे दाखवावेत असे नाही. किमान आकार (प्रत्येक कामाची कमीत कमी रक्कम) ठरवून टाकला आणि त्यापुढे चौरस फुटाचा दर क्रमाने उतरता ठेवला तरी परिणाम तोच होतो. स्वतःच्या कामाच्या किमान महिनाभराच्या नोंदी ठेवा. दुसऱ्याचे दरपत्रक पाहून आकडा ठरवू नका, कारण त्याचे यंत्र, त्याचे अंतर आणि त्याची माणसे वेगळी असतात.

खर्च मोजताना मजुरी, द्रावणे आणि इंधन एवढेच धरले जाते. यंत्राचा घसारा, दुरुस्ती, विमा, फोनवर आणि पाहणीत गेलेला वेळ, काम नसलेले दिवस, आणि आपण ज्या विनामोबदला फेऱ्या मारता त्या, हे सर्व दरातूनच वसूल व्हायला हवे. आठ तासांच्या दिवसात कार्पेटवर यंत्र जेमतेम चार-पाच तास चालते. दर त्या चार-पाच तासांवर बेतला पाहिजे.

आता सवलतीविषयी. समजा, १०० च्या कामात थेट खर्च ६० आणि हातात उरतात ४०. ग्राहकाने घासाघीस केली म्हणून २० सोडले तर उरतात २०. म्हणजे तेवढीच कमाई राखण्यासाठी दुप्पट कामे करावी लागतील. उलट दर दहाने वाढवला तर हातात ५० उरतात, आणि शंभरपैकी वीस ग्राहक निघून गेले तरी उरलेल्या ऐंशी कामांत एकूण कमाई पूर्वीइतकीच राहते. यंत्राची झीज आणि अंगमेहनत मात्र एक-पंचमांशाने कमी होते. ग्राहक जाईल ही आपली भीती मला समजते, पण ती एकदा कागदावर मांडून पाहा. सवलत द्यायचीच झाली तर ती काहीतरी बदल्यात द्यावी : शेजारच्या घराचे काम त्याच दिवशी मिळाले, सामान ग्राहकाने आधीच हलवून ठेवले, किंवा सहामाही कराराची खात्री मिळाली, तर आपला खर्च खरोखर कमी होतो आणि सवलतीला आधार राहतो.

एका बाबतीत मात्र माझे जुना कारागीर यांच्याशी मतभेद आहेत. पाचही पायऱ्या प्रत्येक वेळी लागतातच असे नाही. ज्या कार्यालयात दर महिन्याला कोणीतरी येऊन कार्पेट राखते, तिथे कमी पाण्याची हलकी पद्धत पुरेशी असते आणि ती स्वस्तही पडते. तिला दरपत्रकावर जागा असायला हरकत नाही.

प्रतिसाद
(इमारत-व्यवस्थापक)

मी या व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूला बसतो. एका कार्यालयीन इमारतीची देखभाल माझ्याकडे आहे आणि दरवर्षी कार्पेट-स्वच्छतेची कोटेशने मीच मागवतो. त्यामुळे ग्राहक काय पाहतो ते सांगण्याचा प्रयत्न करतो.

हिशेबनीस यांनी उल्लेख केलेली हलकी पद्धत आमच्याकडे वापरली जाते. तिच्यात द्रावणातील बहुवारिक (पॉलिमर) सुकताना मळाभोवती ठिसूळ कवच धरते आणि नंतरच्या रोजच्या व्हॅक्यूममध्ये तो मळ निघून जातो. तास-दोन तासांत जागा वापरता येते, ही आमच्या दृष्टीने मोठी सोय आहे. मात्र ती खोल स्वच्छतेची जागा घेत नाही. आम्ही वर्दळीच्या मार्गांवर ही पद्धत वरचेवर वापरतो आणि वर्षातून एकदा संपूर्ण कार्पेट गरम पाण्याने करून घेतो. अनेक उत्पादकांच्या हमीपत्रांत ठरावीक मुदतीने, बहुधा १२ ते १८ महिन्यांनी, गरम पाण्याच्या पद्धतीने व्यावसायिक स्वच्छता करून तिच्या पावत्या जपण्याची अट असते. ती अट ग्राहकाला दाखवून देणारा व्यावसायिक माझ्या मनात लगेच विश्वासाचा ठरतो.

मला खटकते ते एवढेच, की हलक्या कामाला 'साधी स्वच्छता' म्हणून विकले जाते आणि घेणाऱ्याला वाटते की आपण खरी स्वच्छताच घेतली, फक्त थोडी स्वस्तात. तिला 'मधल्या काळातील देखभाल' असे स्पष्ट नाव द्यावे आणि कधीच स्वच्छ न केलेल्या कार्पेटला ती देऊ नये. एवढे पाळले तर वरच्या दोघांचेही म्हणणे एकत्र नांदू शकते, असे मला वाटते.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एकाने इतरांच्या जवळजवळ निम्मा दर दिला होता. काम सुरू झाल्यावर डाग वेगळे, कडा वेगळ्या, जिना वेगळा, असे करत बिल सर्वांत महागड्या कोटेशनच्याही वर गेले. तेव्हापासून मी कोटेशनमध्ये आधी शेवटचा आकडा पाहत नाही. काय समाविष्ट आहे आणि काय नाही, वाळायला किती तास लागतील, कोणते द्रावण वापरणार, सामान कोण हलवणार आणि काम पसंत पडले नाही तर किती दिवसांत परत येणार, हे ज्याने लिहून दिले आहे त्याला मी थोडा जास्त दर आनंदाने देतो. पाहणीला येऊन स्वतः गुडघे टेकून लव उलगडून पाहणारा माणूस आणि फोनवर खोल्या मोजून दर सांगणारा माणूस, यांतला फरक ग्राहकाला कळतो.

पुन्हा विचारणा
(नवा व्यावसायिक)

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. मी काल रात्री बसून गेल्या दोन महिन्यांची कामे मांडली. विनामोबदला फेऱ्या धरल्या तर साधी सेवा मला विशेष सेवेपेक्षा महाग पडते, हे पाहून खरोखर धक्का बसला.

आता विचार असा आहे की साधी सेवा बंद करावी. पाचही पायऱ्या असलेली 'मूळ स्वच्छता' हा पहिला स्तर, डाग, कडा आणि सामान हलवणे यांसह दुसरा, आणि संरक्षक लेप व सहा महिन्यांनी पाहणी यांसह तिसरा. कार्यालयांसाठी 'मधल्या काळातील देखभाल' वेगळी, आणि तीही मूळ स्वच्छता झाल्यानंतरच. किमान आकार ठेवणार आहे. मात्र दोन गोष्टी अजून उलगडत नाहीत : डागांची हमी, आणि लोकरीचे किंवा नाजूक गालिचे. त्यांना हाच दर लावावा का?

प्रतिसाद
(जुना कारागीर)

आपण नोंदी काढून पाहिल्या, हे वाचून समाधान वाटले. मधल्या काळातील देखभालीविषयीचे वरचे म्हणणे मला पटते. नाव खरे असेल तर माझा आक्षेप नाही.

डाग निघण्याची हमी कधीही देऊ नये. काम नीट करण्याची हमी द्यावी. डाग निघणे हे तो कशाचा आहे, किती जुना आहे, त्यावर घरच्यांनी आधी काय ओतले आहे आणि तंतू कोणता आहे, यांवर अवलंबून असते. नायलॉनला आम्लधर्मी रंग लवकर धरतो, पॉलिएस्टरला पाण्यातील रंग फारसे धरत नाहीत पण तेलकट मळ चिकटतो, आणि ब्लीचने रंगच उडाला असेल तर तो डाग नसतोच. तिथे काढण्यासारखे काही उरलेले नसते. वर्दळीच्या पट्टीचेही असेच आहे. वाळूच्या कणांनी तंतूंवर बारीक ओरखडे पडलेले असतात, त्यामुळे मळ पूर्ण निघाला तरी तिथे प्रकाश विखुरतो आणि ती पट्टी मंद दिसते. काम सुरू करण्यापूर्वीच हे सर्व ग्राहकाला दाखवून, पाहणीच्या कागदावर लिहून त्याची सही घ्यावी. हीच गोष्ट कामानंतर सांगितली तर ती सबब वाटते.

पाळीव प्राण्यांच्या लघवीचा प्रश्न कोणत्याही स्तरात बसवू नका. वरून लहानसा दिसणारा डाग खाली अस्तरात आणि त्याखालच्या गादीत कितीतरी पटींनी पसरलेला असतो, आणि त्यातील स्फटिक हवेतील ओलाव्याने पुन्हा वास सोडतात. विकरयुक्त (एन्झाइमचे) द्रावण, मुरण्याचा वेळ, कधी कार्पेट उचलून खालची गादी बदलणे, असे हे काम आहे. त्याचा दर पाहणीनंतरच सांगावा.

लोकरीला आणि रेशमाला तीव्र अल्कधर्मी द्रावण चालत नाही, आणि क्लोरीनयुक्त ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवते. पाणी कोमट, द्रावण उदासीन किंवा किंचित आम्लधर्मी, हात हलका आणि वाळवणे जलद, असे हे संथ काम आहे. त्याचा वेळ जास्त लागतो, म्हणून दरही वेगळा असलाच पाहिजे. आधी ओलसर पांढरे फडके एका कोपऱ्यावर थोडा वेळ दाबून रंग सुटतो का ते प्रत्येक रंगासाठी पाहावे. तागाचे अस्तर असेल तर जास्त पाण्याने वर तपकिरी छटा येते. व्हिस्कोजचा तंतू ओला झाला की कमकुवत होतो, पिवळा पडतो आणि त्याची लव पूर्वीसारखी उभी राहत नाही, म्हणून व्हिस्कोजचे गालिचे मी अनेकदा नम्रपणे नाकारतो. तंतू ओळखता आला नाही तर कडेचा एक धागा काढून जाळून पाहावा, अर्थात मालकाच्या परवानगीने : लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख चुरगळते, तर कृत्रिम तंतू वितळून कडक गोळी होतो.

जुन्या ग्राहकांना नवे दरपत्रक पाठवताना सोबत दोन ओळींचे पत्र जोडा आणि त्यात आपण कोणत्या पायऱ्या आता प्रत्येक कामात करणार आहात ते लिहा. ज्यांच्याकडे साध्या सेवेनंतर तक्रार राहिली आहे, त्यांची कामे नव्या पद्धतीने आधी पूर्ण करून द्या, आणि त्यानंतरच त्यांना नवा दर कळवा.